केस शिवणारी सुई

मित्रांनो, मला जुनी म्हणावे की नाही, हे तुम्हीच ठरवा. मी हाडाची सुई आहे. माझे वय जेमतेम अकरा वर्षे. पण माझे टोक मोडले आहे, नेढ्याला तडा गेला आहे आणि मला संग्रहालयात काचेखाली ठेवले आहे. एवढे झाल्यावर कुणीही स्वतःला जुनी म्हणवून घेईल. माझ्या शेजारी ज्या सुया पहुडल्या आहेत त्या मात्र खरोखरच्या रोमन काळातल्या आहेत. त्या कुणाशी बोलत नाहीत. मला बोलल्यावाचून राहवत नाही, कारण माझ्यामुळे एका मुलीला फार दुखले आहे.

माझा जन्म एका कंगवेवाल्या आजोबांच्या दुकानात झाला. आजोबा शिंगाचे आणि हाडाचे कंगवे करत. एके दिवशी केस कापायचे दुकान चालवणारी एक बाई कागदावर चित्र काढून घेऊन आली. तिला तिची धाकटी बहीण ताई म्हणे, म्हणून मीही ताईच म्हणते. आजोबांनी चित्र उलटसुलट करून पाहिले.

"एवढी जाड सुई? आणि टोक बोथट? हिनं काय गोणपाट शिवणार, बाई?"

"केस शिवणार आहे, आजोबा."

"चाळीस वर्षं कंगवे करतोय," आजोबा म्हणाले. "केस विंचरणारे पाहिले, कापणारे पाहिले, चिडून उपटणारेही पाहिले. शिवणारी तुम्हीच पहिल्या."

पण कामात ते चोख होते. त्यांनी बैलाच्या नळीचे हाड उकळले, वाळवले, करवतीने कापले, काचेच्या तुकड्याने तासले. नेढे पाडायला अख्खी सकाळ घालवली. शेवटी खडूची पूड लावून मला इतके घासले की मी चकाकू लागले. मग त्यांनी मला स्वतःच्या डोक्यावरून फिरवून पाहिले. "लागत नाही, बघा!" ते म्हणाले. आजोबांच्या डोक्यावर एकही केस नव्हता, त्यामुळे माझी पहिली परीक्षा सोपी गेली.

आता ताईला ही अवदसा कुठून आठवली, ते सांगते. ती सुट्टीच्या दिवशी या संग्रहालयात आली होती. इथे एका रोमन बाईचे संगमरवरी डोके आहे. कपाळावर कुरळ्या बटांची उंच महिरप आणि मागे वेण्यांचे वेटोळे. लोक त्या बाईचा चेहरा पाहतात आणि पुढे जातात. ताई मात्र थेट मागे गेली. केस करणारी माणसे मागेच जाऊन बघतात, कारण खरे काम मागे असते. त्या वेण्या कुठल्याही आकड्याने जागेवर राहणार नाहीत, हे तिला एका नजरेत कळले. मग शेजारच्या काचेखाली तिला बोथट, जाड हाडाच्या सुया दिसल्या. पाटीवर लिहिले होते, 'कापड शिवण्याच्या सुया.' ताई तिथेच खिळली. या सुईने कापड शिवले तर भोके पडतील. मग या सुयांनी काय शिवत असतील?

तिने संग्रहालयाच्या साहेबांना गाठले. साहेब जाड चष्म्याचे, सभ्य गृहस्थ. त्यांनी तिला खुर्ची दिली, चहा दिला आणि समजावून सांगितले, "अहो बाई, ते केसांचे टोप असायचे. तसं पुस्तकांत लिहिलंय. असा डोलारा खऱ्या केसांवर अर्धा दिवससुद्धा टिकायचा नाही." ताई चहा अर्धा टाकून उठली. घरी पोचली तरी तिच्या कानांच्या पाळ्या लालच होत्या, असे धाकटी नंतर हसून हसून सांगायची.

मित्रांनो, आता या धाकटीकडे नीट लक्ष द्या, कारण ही गोष्ट तिची आहे. ती ताईहून बारा वर्षांनी लहान. ती नऊ वर्षांची असताना आई गेली. जाताना आई ताईला म्हणाली होती, "हिच्या केसालाही धक्का लागू देऊ नकोस." ताईने ते वचन अगदी शब्दशः पाळले. रोज सकाळी ती धाकटीचे केस विंचरी आणि कात्री कधी लावत नसे. धाकटी मोठी झाली, एका लाँड्रीत कामाला लागली, तोवर तिचे केस गुडघ्यापर्यंत पोचले होते. असे डोके ताईला साऱ्या गावात दुसरे मिळाले नसते.

दर सोमवारी ताईचे दुकान बंद असे. खिडकीजवळ जेवणाची खुर्ची यायची, धाकटी तिच्यावर बसायची आणि माझे काम सुरू व्हायचे. ताई कंगव्याने भांग पाडी, केसांचे भाग करी, वेण्या घाली. मग केसांच्याच रंगाची लोकर माझ्या नेढ्यात ओवून मला एका वेणीखालून घाले, दुसरीवरून काढे आणि टाका घट्ट करी. आकडा नाही, रबर नाही, चिकटवायचे काही नाही. सुती दोराही तिला चालत नसे. त्या काळी लोकरच असणार, म्हणजे लोकरच, असा तिचा हट्ट.

शिवताना ताई लोकरीचे तुकडे ओठांत धरी. त्यामुळे तिला बोलता येत नसे. धाकटीला हलता येत नसे, म्हणून ती नुसती बोलत राही. कुणाच्या खिशात लग्नाच्या बायकोने न लिहिलेली चिठ्ठी सापडली, कुणी नवऱ्याचा स्वेटर गरम पाण्यात घालून बाळाच्या मापाचा केला. "ताई, मी काउंटरवर पाटीच लावलीय, माझ्या अक्षरात. लोकरीचे कपडे गार पाण्यातच धुवावेत, गरम पाण्यात आकसतात. तरी एकेक शहाणे येतातच गं!" ताई नाकातून हुंकार देई. ओठ मोकळे झाले की ती एकच वाक्य बोले, "मान हलवू नकोस."

ती दोन वर्षे माझ्या आयुष्यातली सगळ्यात सुखाची. कितीतरी डोलारे कोसळले. एकदा सगळे वेटोळे धाकटीच्या नाकावर उतरले आणि दोघी पोट धरून हसल्या. आणि मग एका सोमवारी ते जमले. अगदी संगमरवरी बाईसारखे. धाकटीने पुढे-मागे दोन आरसे धरून पाहिले. "अगं बाई! मी राणीच दिसतेय की. चला, राणीला आता इस्त्रीला जायचंय." ताईने मला उचलून दिव्यासमोर धरले आणि म्हणाली, "ही सगळी या सुईची कमाल." माझ्या अंगावर मूठभर मांस चढले. हाडाच्या सुईला असे मांस चढते तेव्हा ती काय काय विसरते, ते पुढे कळेल.

ताईने साहेबांना घरी बोलावले. त्यांनी चष्मा काढून पाहिले, पुसून पुन्हा पाहिले. "आज दिसतंय छान," ते म्हणाले, "पण टिकतं का, हा प्रश्न आहे. सात दिवस राहू द्या. मग आमच्या सभागृहात, लोकांसमोर उलगडून दाखवा. खरंच यांचेच केस निघाले, तर मी सुयांची पाटी बदलतो."

"सात दिवस राहतील," ताई म्हणाली. "आणि घरात बसून नाही. ही रोज कामावर जाईल."

धाकटीला कुणी विचारलेच नव्हते. तिने ताईकडे पाहिले आणि ती म्हणाली, "बरं."

पुढच्या सोमवारी ताईने जिवाचे रान करून ती रचना पुन्हा शिवली. टाके नेहमीपेक्षा घट्ट घातले. मला खिडकीतल्या डबीत ठेवले. मंगळवारी धाकटी लाँड्रीत गेली. तिथे दिवसभर वाफ. इस्त्रीची वाफ, भट्टीची वाफ, मानेवरून ओघळणारा घाम. बुधवारी गेली, गुरुवारी गेली. लोकरीला ऊब आणि ओल मिळाली की ती काय करते, हे त्या काउंटरवर धाकटीच्याच अक्षरात लिहिलेले होते.

शुक्रवारी संध्याकाळी ती जेवताना कपाळाला हात लावून बसली. "ताई, दुखतंय गं. आतून कुणीतरी ओढतंय."

ताईने तिच्या डोक्यावर बोटे ठेवली. वीस वर्षे केसांत फिरलेली ती बोटे. टाके आकसून कडक झाले होते. तिची बोटे एका जागी थांबली, हे मी डबीतून पाहिले. त्या क्षणी कात्री आणली असती तर सगळे वाचले असते.

"तीनच दिवस राहिलेत," ताई म्हणाली. "तेवढी कळ काढ. माझं सगळं तुझ्या डोक्यावर आहे."

"बरं," धाकटी म्हणाली.

सोमवारी सभागृह भरले होते. पहिल्या रांगेत साहेब होते. ताईने कपाळावरच्या बटा मोकळ्या केल्या. त्या धाकटीच्या गालांवर उतरल्या तशी लोकांत कुजबुज झाली. मग ताई मागच्या वेण्यांकडे वळली. तिने टाका कापला आणि धागा ओढला. धागा येईना. लोकर आणि केस एकजीव झाले होते. कुठे केस संपतात आणि कुठे लोकर सुरू होते, ते तिलाही दिसेना. तिने मला खुपसून गुंता उचकटायला सुरुवात केली.

"ताई, थांब ना जरा," धाकटी अगदी हळू म्हणाली.

"लोक बघतायत," ताई पुटपुटली. "मान हलवू नकोस."

तिने जोर लावला. मीही लावला, खोटे का बोलू? मलाही ती पाटी बदलायला हवी होती. मागे ओढून शिवलेली डाव्या कानशिलाजवळची अख्खी बट मुळांसकट निघाली. मी टोकापाशी कडकन मोडले. धाकटीची मान तसूभरही हलली नाही. दोन वर्षांत ती तेवढे शिकली होती.

साहेब उठून उभे राहिले. "पुरे, बाई, पुरे. हे केस खरेच आहेत. मी हरलो." त्यांनी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनी वाजवल्या. धाकटीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते. पुढे बसलेल्यांना वाटले, आनंदाचे आहे.

घरी आल्यावर ताईने दुकानातली मोठी कात्री काढली. दुसरा इलाजच उरला नव्हता. गुडघ्यापर्यंतचे केस कानापाशी कापले गेले. कपाळाच्या डाव्या बाजूला रुपयाएवढा उघडा, लाल डाग राहिला. ताई जमिनीवर बसून ढसाढसा रडली.

"मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं होतं, ताई. शुक्रवारी."

ताईने डोळे पुसले. मग म्हणाली, "आणि लोकरीचं? ते तर तुला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं."

"हो." धाकटी खाली पडलेले केस गोळा करत होती. "पण आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मोठ्या माणसानं तुझं म्हणणं ऐकून घेतलं होतं. ते मोडायचं माझ्या जिवावर आलं."

"आईनं मला सांगितलं होतं गं, हिच्या केसालाही..."

"आई माझ्याबद्दल बोलत होती, ताई. केसांबद्दल नाही."

महिन्याभराने धाकटी लाँड्रीच्या वरच्या खोलीत राहायला गेली. भांडण झाले नाही. जाताना ती ताईच्या गळ्यात पडली आणि म्हणाली, "रागावले नाहीये मी. पण सोमवार उजाडला की डोकं दुखायला लागतं." आधी ती दर आठवड्याला यायची, मग महिन्याने, मग दूरच्या गावी काम मिळाले आणि फोन येऊ लागले. मग तेही विरळ झाले.

साहेब शब्दाचे पक्के निघाले. शेजारच्या सुयांची पाटी बदलली. आता तिथे 'केस शिवण्याच्या सुया' असे लिहिले आहे. मलाही त्यांच्या ओळीत जागा मिळाली. ताईला लांबून बोलावणी येतात. ती केस शिवून दाखवते, पण लाकडी डोक्यावर लावलेल्या टोपाला, आणि सुती दोऱ्याने. जिवंत डोक्याला तिने पुन्हा सुई लावली नाही.

दर सोमवारी ती इथे येते. संगमरवरी बाईकडे ढुंकूनही पाहत नाही. माझ्यासमोर उभी राहते. माझ्या नेढ्यात अजून लोकरीचा एक पुंजका अडकलेला आहे आणि त्यात गुंतलेला एक लांब केस आहे. साफसफाईच्या वेळी तो काढू नका, म्हणून तिने हात जोडले होते.

मागच्या गुरुवारी धाकटी आली होती. एकटीच. केस आखूड, अंगात साधा कोट, कपाळावरून बांधलेला रुमाल. पाटी वाचून ती जरा हसली. मग तिला तो केस दिसला आणि हसू मावळले. दाराशी स्टुलावर बसणारे पहारेकरी काका म्हणाले, "त्या सुईत काय आहे, देव जाणे. एक बाई दर सोमवारी येऊन तासन् तास बघत असतात."

"दर सोमवारी?" धाकटीने विचारले.

"नऊ वर्षं झाली. एक सोमवार चुकला नाही."

तिने कपाळावरचा रुमाल नीट केला. मग म्हणाली, "त्या आल्या की त्यांना सांगा..." आणि थांबली. "नको. काही सांगू नका." जाताना तिने काचेवर, जिथे मी आहे तिथे, तळवा ठेवला. त्याचा ठसा शनिवारपर्यंत टिकला. मग कुणीतरी काच पुसली.

सोमवारी ताई आली. काकांच्या पोटात कुठे काय राहते? "बाई, गुरुवारी एक जण येऊन गेल्या. तुमच्यासारख्याच बघत होत्या. केस आखूड होते."

ताईचा हात काचेवर गेला. ती कुठून आली, कुठे गेली, काय म्हणाली, यातले तिने काहीच विचारले नाही. तिने एवढेच विचारले, "कपाळावरचे केस आले होते का हो तिचे? डाव्या बाजूचे?"

"रुमाल बांधला होता त्यांनी," काका म्हणाले. "दिसलं नाही."

ताईने मान हलवली. संग्रहालय बंद व्हायची घंटा झाली तरी ती तिथेच होती.

मित्रांनो, मी हाडाची आहे. मोडले तेव्हा मला काही दुखले नाही. मला आता चकाकी नको, टोकही नको. तुमच्यापाशी एवढेच मागते की, तुमच्या हाताखालचे माणूस हळू आवाजात 'दुखतंय' म्हणाले, तर हातातले काम तिथल्या तिथे खाली ठेवा, मग समोर कितीही लोक बसलेले असोत. आणि 'बरं' म्हणणाऱ्या माणसाच्या मागे उभे राहू नका. समोर येऊन त्याचा चेहरा बघा. ताईने दोन वर्षे ते डोके मागून पाहिले. आता ती येते आणि तिच्यासमोर मी असते, नुसती एक मोडकी सुई.