पांढऱ्या डब्यातलं बोलणं

हे मी लिहिणारच नव्हतो. दोनदा सुरू केलं आणि दोनदा पुसलं. एक तर मला लिहिता येतं असं आजवर कुणी म्हटलेलं नाही, टायपिंगसुद्धा दोन बोटांनी स्वतःच शिकलोय. आणि ही गोष्ट माझी कमी, भोंग्याची जास्त. शेवटी त्यालाच विचारलं. तो म्हणाला, "सगळ्या मजल्याला माहीत आहेच. तू लिहिलंस तर निदान नीट तरी माहीत होईल."

म्हणून लिहितोय.

आमचं ऑफिस म्हणजे एक लांबलचक हॉल. मध्ये भिंत नाही, पडदा नाही. रांगेने टेबलं, प्रत्येकाच्या डोक्यावर हेडफोन. लोकांची वॉशिंग मशीन बिघडली, फ्रिज गार होईना झाला, की फोन आमच्याकडे येतो. आम्ही सगळे दिवसभर एकच स्क्रिप्ट बोलतो. "नमस्कार, आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. मॉडेल नंबर सांगाल का?" एवढी माणसं एकाच वेळी हेच म्हणत असतात. मधमाश्यांचं पोळं परवडलं.

भोंगा माझ्या शेजारी बसतो. ट्रेनिंगमध्ये पहिल्याच दिवशी त्याने "नमस्कार" म्हटलं आणि खिडकीवरचं कबूतर उडालं, तेव्हापासून हे नाव. आवाज मोठा, पण गोड. शिव्या देत आलेलं गिऱ्हाईक याच्याशी बोलून जाताना "तब्येत सांभाळा" म्हणतं. तो अजून कंत्राटावर आहे. या महिन्यात वरचे काही जणांना कायम करणार होते आणि त्याचं नाव पुढे होतं, असं सगळेच म्हणत होते.

तर डबे.

एके दिवशी मॅडमनी, म्हणजे आमच्या सुपरवायझरनी जाहीर केलं की हॉलमध्ये बंद खोल्या येणार. छोट्या, एका माणसाच्या. दार लावा, आत बसा, कुणाला त्रास नाही, खाजगी फोन करा. कंपनीला आपली काळजी आहे.

माझं डोकं तिथेच फिरलं. पाण्याचा कूलर बदला म्हणून आम्ही घसा कोरडा केला तेव्हा ज्यांना काळजी वाटली नाही, त्यांना अचानक आमच्या खाजगी फोनांची काळजी? मी भोंग्याला म्हटलं, "पाणी कुठेतरी मुरतंय."

"तुला कोरड्या जमिनीतही मुरलेलं दिसतं."

"बघ तू. आत माइक असणार. खाजगी बोला म्हणजे काय, आम्हाला नीट ऐकू येऊ द्या."

हे मी एवढ्या लोकांना बोललो, की मॅडमनी मलाच निवड समितीत घातलं. त्या, अकाउंटंट काका आणि मी. ज्याला जास्त शंका त्याला आत घ्या, मग तो बाहेर बोंबलत नाही. हुशार बाई आहेत.

एका विक्रेत्याने नमुन्याला तीन डबे आणून उभे केले. एक काचेचा. आत बसलं की प्राणिसंग्रहालयात असल्यासारखं वाटायचं. दुसरा पांढरा, देखणा, दार लावलं की टप् असा मऊ आवाज, आपोआप दिवा, छताला छोटा पंखा. तिसरा राखाडी, जाड, आतून फेल्टने मढवलेला, बाहेरून कपाटासारखा. त्याला आम्ही गोधडी म्हणायला लागलो.

विक्रेता हसरा होता. फारच हसरा. मी काहीही विचारलं की आधी हसायचा, मग उत्तर द्यायचा.

"आवाज बाहेर येतो का?"

"सर, आत तुम्ही गाणं म्हणा."

"गाणं नको. बोललेलं येतं का?"

"तपासून बघा ना, सर."

तपासलं. पाळीपाळीने एकेक जण आत जाऊन, दार लावून बोलायचा आणि बाकीचे दोघे बाहेर कान देऊन उभे. हॉलचं काम चालूच होतं. रिकाम्या डब्यात उभं राहून काय बोलायचं ते सुचत नाही. आमच्या तोंडून मग जे निघायचं तेच निघालं. नमस्कार, आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. काका फोनवर बसत नाहीत, पण इतकी वर्षं ऐकून त्यांनाही ते पाठ. काचेच्या डब्यात तोंड हलताना दिसत होतं, ऐकू काही नाही. पांढऱ्यात काही नाही. गोधडीत काही नाही.

"तिन्ही चांगले," काका म्हणाले. "पांढरा दिसायला बरा."

"पांढराच घेऊ," मॅडम लगेच म्हणाल्या. "माझ्या टेबलाशेजारी जागा आहेच."

त्यांच्या टेबलाशेजारी. मी ते मनात टिपून ठेवलं. पण सही केली, कारण कानाने ऐकलं होतं, म्हणजे ऐकलं नव्हतं.

ऑर्डर जाईपर्यंत नमुन्याचे डबे तिथेच राहणार होते. वापरून बघा म्हणाले.

त्याच आठवड्यात भोंग्याने मला जिन्यात गाठलं. आवाज जरा खरखरीत वाटत होता, मला वाटलं सर्दी असेल.

"कुणाला सांगणार नाहीस?"

"सांग तर."

डॉक्टरांनी त्याच्या घशात नळी घालून पाहिलं होतं. स्वरतंतूंवर गाठी आल्या आहेत. कॅन्सर वगैरे नाही, तसल्या नाहीत, पण बोलून बोलून आलेल्या. काही आठवडे पूर्ण मौन. त्यानंतर बऱ्या झाल्या तर झाल्या, नाहीतर छोटं ऑपरेशन. असंच बोलत राहिला तर आवाज जाऊ शकतो.

"आणि इथे आवाज सोडून आहे काय माझ्याकडे?" तो म्हणाला. "कायम केल्यावर सांगेन. मग रजा घेता येते. आधी कळलं तर कंत्राट संपलं, नमस्कार, आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा होता."

मी हसलो नाही. तोही नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो पांढऱ्या डब्यात शिरला. डॉक्टरांना फोन करायचा होता, मौन थोडं पुढे ढकलता येईल का ते विचारायला. दार टप् करून लागलं. मी माझ्या टेबलावरून बघत होतो. मॅडम शेजारी बसून काहीतरी टाइप करत होत्या. पाच-दहा मिनिटांनी तो बाहेर आला, तोंड पडलेलं.

त्याच्या पुढच्या सकाळी त्याच्या कीबोर्डवर घशाच्या गोळ्यांचं पाकीट होतं. मॅडम जाता जाता म्हणाल्या, "गाठी म्हणजे हसण्यावारी नेऊ नकोस रे. कमी बोल."

भोंग्याने पाकिटाकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

ती नजर मी विसरणार नाही. रागाची असती तर बरं झालं असतं. तो फक्त मला नव्याने बघत होता, जसं एखादं मशीन परत परत का बिघडतंय ते आम्ही बघतो.

"मी नाही," मी म्हटलं.

"मी कुठे काय म्हणालो?"

"तुझ्या तोंडावर दिसतंय."

"तुला तर सगळ्यांच्या तोंडावर काहीतरी दिसतंच." आणि त्याने हेडफोन घातला.

मला एकदम खात्री पटली. माइक. मी म्हणत होतोच. जेवणाच्या सुट्टीत मी पांढऱ्या डब्यात घुसलो, खिशातल्या छोट्या पान्याने छताची जाळी उघडली, आणि सापडलं. काळं, बोटाच्या पेराएवढं, मागे वायर. फोटो काढला. विक्रेत्याला बोलावून घेतलं आणि त्याच्यासमोर धरलं.

"हे काय आहे?"

या वेळी तो आधी हसला नाही. मग मात्र जरा जास्तच हसला. "सर, हा दिव्याचा डोळा. माणूस आत आला की दिवा लागतो तो यामुळेच. काढून बघा." काढला. दिवा लागेना. परत लावला. लागला.

मागून काका म्हणाले, "ताकाला जाऊन भांडं लपवणारे असतात, हे भांड्यात ताक शोधायला आलेत." हॉलभर हशा. भोंगा हसला नाही, त्याने मान वळवली.

मग उरलं कोण? मॅडम. टेबलाशेजारी जागा आहेच म्हणणाऱ्या. त्यांचा त्या डब्याशी कसला तरी संबंध आहे हे नक्की. पण माइक नाही, मग कसं? दाराला कान लावून बसल्या असत्या तर सगळ्यांनी पाहिलं असतं. नाहीतर, आणि ही शंका मी भोंग्याच्या जागी बसून घेतली, खरोखर मीच कुठे बोललो नसेन ना? घरी? वहिनीशी? आठवून आठवून डोकं फुटायची वेळ आली. नव्हतो बोललो.

रविवारी दुपारी दादा सोफ्यावर पसरला होता आणि घोरत होता. आमच्या दादाचं घोरणं म्हणजे ट्रॅक्टर चढावर. वहिनी त्याच्या पायाशी बसून मोबाइलवर काहीतरी वाचत होती, शांतपणे.

मी म्हटलं, "वहिनी, तुम्हाला याचा त्रास नाही होत?"

"कशाचा?"

"घोरण्याचा."

तिने मान वर करून जरा ऐकलं. "हो की, घोरतायत." आणि परत मोबाइलमध्ये.

तेवढ्यात आतल्या खोलीत बाळ नुसतं कुसकुसलं. रडलंही नाही. वहिनी उठून गेलीसुद्धा.

मी तिथे उभाच राहिलो. बाळाला घेऊन बाहेर आली तर मी तसाच. "काय झालं भावजी, कुणावर संशय घेताय आता?"

"स्वतःच्या कानांवर," मी म्हटलं.

सोमवारी सकाळी भोंग्याला हाताला धरून मॅडमच्या टेबलापाशी उभं केलं. "काही बोलू नकोस. फक्त ऐक." तो ओढाताण करत होता पण उभा राहिला. मी पांढऱ्या डब्यात गेलो, दार लावलं, आणि रोजच्या आवाजात स्क्रिप्ट म्हटली, अख्खी. दाराच्या छोट्या काचेतून पाहिलं. कुणी मान वर केली नाही. मॅडम टाइप करतायत. भोंगा कंटाळलाय.

मग त्याच आवाजात, जराही न वाढवता, मी म्हटलं, "उद्या सुट्टी आहे."

पहिली रांग अख्खी वळली. दुसऱ्या रांगेतल्या एकाने हेडफोनच काढला. मॅडमची बोटं थांबली.

मी बाहेर आलो तर तिकडून कुणीतरी विचारत होतं, "कसली सुट्टी?"

डबा बंद नव्हताच. पंख्याच्या जाळीतून आवाज वर जाऊन छतावरून खाली पसरत होता. पण आमच्या कानांना ती स्क्रिप्ट ऐकू येणं कधीच बंद झालंय. आम्ही तिन्ही डबे नेमक्या त्याच बोलण्याने तपासले, जे इथे कुणालाच ऐकू येत नाही. बाहेरचा एखादा आला असता तर त्याला पहिल्या मिनिटात कळलं असतं.

भोंगा माझ्याकडे बघत होता. त्याचे खांदे हलत होते. तो हसत होता, आवाज न करता.

"गाढवा," तो पुटपुटला. "मला वाटलं तू."

"माहितीय."

"बोलला का नाहीस?"

"बोललो की. मी नाही म्हटलं होतं."

"ते तर सगळेच म्हणतात."

काचेच्या डब्यातूनही सुट्टी ऐकू आली. गोधडीत मी सुट्टी म्हणालो, पगारवाढ म्हणालो, कंपनी बंद पडतेय म्हणालो, हॉल ढिम्म. काका आत जाऊन काय बोलले ते त्यांनी कधी सांगितलं नाही, पण बाहेर येऊन त्यांनी आपलं मत बदललं. दोन विरुद्ध एक. गोधडी ठरली.

एक म्हणजे मॅडम. त्या अजूनही पांढराच म्हणत होत्या. "दिसायला बरा आहे," एवढंच.

मी त्यांना सरळ विचारलं. "मॅडम, तुम्हाला माहीत होतं?"

"तपासताना तुझ्यासारखंच मलाही काही ऐकू आलं नव्हतं. तो फोनवर बोलला तेव्हा आलं. काय करू, कानात बोळे घालू?"

"आणि वर सांगितलंत?"

त्यांनी पेनाचं टोपण लावलं. "नाही. अजून नाही."

अजून. या एका शब्दावर मी दिवसभर घुटमळलो. त्या वाईट नाहीत. गोळ्या स्वतःच्या पैशाने आणल्या होत्या. पण वरून कुणी विचारलं तर त्या खोटं बोलणार नाहीत, आणि कायम करण्याचा निर्णय या आठवड्यात होता. त्याचा फोन जवळच्या रांगेनेही ऐकला होता, आता सगळा मजला कुजबुजत होता. एखादा जिना चढायला कुजबुजीला किती वेळ लागतो?

संध्याकाळी मी भोंग्याला माझे तर्क सांगायला लागलो. पांढरा डबा का, टेबलाशेजारी का, अजून म्हणजे काय. त्याने मला अर्ध्यात थांबवलं.

"मीच वर जातो. त्यांना दुसऱ्याकडून कळण्याआधी."

"वेडा आहेस का? हाकलतील."

"हाकलतील कदाचित. पण असंच बोलत राहिलो तर कायम करूनही उपयोग काय? कायमचा मुका कशाला हवाय त्यांना?"

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही जिन्यात उभे होतो. त्याचं मौन त्याच दिवशी सुरू होत होतं, डॉक्टरांनी पुढे ढकललं नव्हतं. त्याने गळ्याला मफलर गुंडाळला होता आणि शेवटचं म्हणून अगदी हळू बोलत होता.

"वर तू बोलायचंस. मी शेजारी उभा राहीन."

"काय बोलू?"

"गाठी आहेत. बऱ्या होईपर्यंत मला लेखी तक्रारींवर ठेवा, उत्तरं टाइप करून देईन. आवाज आला की परत फोनवर बसेन. कायम करायचं नसेल तर आजच सांगा."

"आणि मॅडमनी ऐकलं ते..."

"ते नाही."

"आणि डबा जो मुद्दाम..."

"तेही नाही. तुझ्या शंका तुझ्यापाशी. वर फक्त माझं बोलणं न्यायचं." त्याने माझा दंड धरला. "शब्द दे. आता पुढे विचारायला मला तोंड नाही."

वरच्या केबिनचं दार अर्धं उघडं होतं. आतून कुणीतरी हसल्याचं ऐकू आलं, आणि कशाला हसतायत हे माझ्या डोक्यात फिरायला लागलंच होतं. मी ते तिथेच सोडलं.

"दिला," मी म्हणालो. "तुझंच बोलेन, माझं एक अक्षर मध्ये घालणार नाही. आणि ते जे म्हणतील त्याचा अर्थ तुला विचारल्याशिवाय लावणार नाही."