फाझोलेटवरचा संशय

मित्रांनो, मी एक जुना शब्द आहे. फाझोलेट! म्हणजे रुमाल. हसू नका. कूळ इटालियन. तिकडे माझा थोरला भाऊ फात्सोलेत्तो अजून लोकांच्या खिशात मजेत राहतो. मी इंग्रजांच्या घरी गेलो, थोडा मिरवलो, मग त्यांनी मला टाकलं. आता एका जाडजूड इंग्रजी शब्दकोशात अंग चोरून बसतो. गळ्यात पाटी, 'कालबाह्य'.

बसलो तरी डोळे उघडे ठेवतो. कारण या कोशाच्या कचेरीत सगळे माझ्याकडे संशयाने बघतात. आणि मी त्यांच्याकडे.

ही आग म्हाताऱ्या संपादकाने लावली. निवृत्त होताना म्हणाला, "पोरांनो, आपल्या कोशाची नक्कल मारणारे चोर पकडायला मी त्यात एक खोटा शब्द पेरलाय. दुसऱ्याच्या कोशात तो दिसला की चोरी उघडी! शोधा!" आणि मिशीत हसत निघून गेला.

झालं! नवी आवृत्ती छापायची म्हणून नव्या संपादकबाई लाल पेन्सिल घेऊन एकेका शब्दाची झडती घ्यायला लागल्या. पुरावा दाखवा, नाहीतर बाहेर! सगळे सुटले. माझा पुरावाच सापडेना.

"हाच तो खोटा शब्द," बाई म्हणाल्या.

"पण मॅडम, याचा भाऊ खरा आहे की," मुद्रितं तपासणारा चष्मेवाला म्हणाला.

"तेच तर! थाप मारायची तर चांगलं घराणं बघूनच मारणार ना तो म्हातारा. ओळखत नाही का तुम्ही त्याला?"

म्हणजे भाऊ खरा, म्हणून मी खोटा! पेन्सिल अंगावर टेकली. मी म्हटलं, संपलं आपलं.

चष्मेवाल्याने म्हाताऱ्याला फोन लावला. "काका, फाझोलेट तुमचंच कार्टं ना?"

पलीकडून खिदळणं. "सगळा कोश वाचलात?"

"डोळे फुटेस्तोवर!"

पुन्हा खिदळणं. "मग माझं काम झालं. खोटा शब्द एकही नाही रे! नाहीतर नुसतं चाळून छापायला पाठवलं असतंत तुम्ही."

"आणि याचा पुरावा?"

"हा शब्द ज्यात आलाय ते जुनं प्रवासाचं पुस्तक होय? घरी आणलेलं, राहूनच गेलं. पलंग डुगडुगतो ना, पायाखाली घातलंय."

चष्मेवाला पळत जाऊन पुस्तक घेऊन आला. बाईंनी आधी शाई चोळून बघितली, मग वास घेतला, आणि मगच पेन्सिल मागे घेतली.

तर मित्रांनो, कुणी जुना ओळखू येईना, तर लगेच त्याला खोटा ठरवू नका. आधी पलंगाखाली बघा.

मी वाचलो. पण एक सांगतो, आपल्यातच ठेवा. 'एकही नाही' म्हणताना म्हातारा एवढा का खिदळला? हल्ली मी शेजारच्या शब्दावर नजर ठेवून असतो.