‘घेऊ नये’ असा शेरा

मर्ल डकेटने बत्तीस वर्षं दुसऱ्यांची पोरं पारखण्यात घालवली होती. कुठल्याही कॉलेजात अमेरिकन फुटबॉलचा चांगला लाइनबॅकर, म्हणजे धडक देऊन समोरच्याला अडवणारा बचावाचा गडी, निपजल्याची कुणकुण लागली की मर्ल गाडी काढून तिथे हजर. पोरगा पळतो कसा, अंगावर येणाऱ्याला लोळवतो कसा, मार खाल्ल्यावर उठतो कसा, सगळं तो वहीत टिपायचा. एप्रिलमध्ये ड्राफ्ट भरायचा, व्यावसायिक संघ पाळीपाळीने एकेक पोरगा उचलायचे, आणि मर्लच्या क्लबातले लोक त्याच्या अहवालावर डोळे मिटून विश्वास ठेवायचे. निदान त्याचा तसा समज होता.

त्या वर्षी सगळ्यांच्या तोंडी एकच नाव होतं, केंड्रेल टिलरी. जॉर्जियातल्या टॅलोवा स्टेट कॉलेजचा. बावीस वर्षांचा, सव्वासहा फूट उंच, आणि धडक अशी की स्टँडमधल्या शेवटच्या रांगेत ऐकू यावी. फेब्रुवारीतल्या एका सकाळी मर्ल ऑफिसात बसून त्याच्या सामन्यांची चित्रणं बघत होता. बाकीचे परीक्षक धडका बघायचे आणि पुढे सरकायचे. मर्लला दोन धडकांच्या मधला वेळही बघायची खोड होती.

सातव्या सामन्यात केंड्रेलचं हेल्मेट समोरच्याच्या गुडघ्यावर आपटलं. तो लगेच उठला. प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या. मग तो चालत जाऊन चुकीच्या बाजूला उभा राहिला. चव्वेचाळीस नंबरचा एक खेळाडू धावत आला, त्याने केंड्रेलला खांद्याला धरून वळवलं आणि जागेवर नेऊन उभं केलं. मर्लने पुढचे सगळे सामने काढले. नोव्हेंबरभर तेच. प्रत्येक डावाआधी चव्वेचाळीस नंबर त्याच्या कानाशी लागून काहीतरी सांगायचा. लाइनबॅकरने बाकीच्यांना खुणा करून उभं करायचं असतं. इथे बाकीचे लाइनबॅकरला उभं करत होते.

मर्लने गार झालेल्या कॉफीचा कप बाजूला सारला आणि वहीत केंड्रेलच्या नावापुढे प्रश्नचिन्ह काढलं.

मार्चमध्ये कॉलेजच्या मैदानावर चाचणी झाली. तीस संघांची माणसं घड्याळं घेऊन ओळीने उभी होती. केंड्रेल चाळीस यार्ड असा पळाला की दोघांनी आपलं घड्याळ बिघडलं म्हणून कानाशी लावून पाहिलं. बर्नी कुचार मर्लला कोपराने ढोसत म्हणाला, “काय रे म्हाताऱ्या, लाळ पूस!” बर्नी दुसऱ्या क्लबचा परीक्षक. त्या क्लबची निवडीची पाळी मर्लच्या क्लबच्या एक नंबर आधी होती. पंचवीस वर्षं दोघं एकमेकांना थापा मारत एकाच टेबलावर जेवत आले होते.

दुपारी प्रत्येक संघाला पोराशी बोलायला वीस मिनिटं मिळाली. केंड्रेल इस्त्रीचा शर्ट घालून आला, हात मिळवला, अदबीने बसला. मर्लने एकेक सामना काढून विचारलं. पोरगा घडाघडा उत्तरं देत गेला. कुठला डाव, किती यार्ड, कोण कुठे उभा होता, सगळं. पाठ केल्यासारखं.

“आणि तो डिसेंबरातला सामना,” मर्ल सहज म्हणाला. “काय पाऊस होता त्या दिवशी!”

“हो ना साहेब. धो धो. चेंडू हातात ठरत नव्हता.”

तो सामना बंद छपराखाली झाला होता. मर्लने मान हलवली आणि वही मिटली.

संध्याकाळ व्हायच्या आत तो केंड्रेलच्या आईकडे गेला. खेळाडूच्या घरी जाणं हा कामाचाच भाग. ओडेसा टिलरी शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होती. तिने त्याच्यापुढे डुकराच्या मांसात शिजवलेली पालेभाजी आणि मक्याचा पाव ठेवला, आणि तो खाईपर्यंत काही बोलली नाही.

“तुमच्याआधी चौघं येऊन गेले,” ती मग म्हणाली. “सगळ्यांनी विचारलं, लहानपणी काय खायचा, देवाला मानतो का, पोरींच्या नादी लागतो का. तुम्ही काहीच विचारत नाही.”

“मला एकच विचारायचंय, बाई. त्याचं डोकं दुखतं का?”

ओडेसा उठली, खिडकी लावली, आणि परत येऊन बसली.

“गॅसवर तेल ठेवून निघून जातो. दोनदा झालं. चर्चहून घरी येताना रस्ता चुकला. ज्या रस्त्यावर तो लहानाचा मोठा झाला तो रस्ता हो! गाडी कडेला लावून मला फोन केला, लहान मुलासारखा रडत होता. डॉक्टर डोकं तपासायला विचारतात ते प्रश्न पाठ करतो. वही आहे त्याची, गादीखाली.” तिने पदराला हात पुसावेत तसे ॲप्रनला पुसले. “मी सांगितलं तर घर सोडून जाईल. कॉलेजवाल्यांना सांगायला गेले, तर म्हणाले, काळजी करू नका, तरणाताठा पोरगा आहे. तुम्ही लिहा. तुमच्या कागदावर लिहा म्हणजे कोणी घेणार नाही त्याला. पण माझं नाव नको.”

“नाही येणार तुमचं नाव,” मर्ल म्हणाला.

मोटेलात परतल्यावर त्याने आयुष्यातला सगळ्यात लांब अहवाल लिहिला. चित्रणातले मिनिट-सेकंद टाकले, पावसाचं लिहिलं. शेवटी शेरा मारला: घेऊ नये. मेंदूची नीट तपासणी झाल्याशिवाय कोणीही खेळवू नये.

आठवड्याने ग्रेडी होल्स्टनने त्याला बोलावलं. क्लबसाठी कोणाला घ्यायचं, कोणाला काढायचं, हे होल्स्टन ठरवायचा. माणूस हसतमुख. मर्लचा अहवाल त्याच्यापुढे होता.

“मर्ल, सोन्यासारखं काम केलंस. आणखी कोणाला हे कळलंय?”

“नाही. पण कळवायला हवं. लीगच्या डॉक्टरांना...”

“डॉक्टरांनी डोक्याचे फोटो काढले, फोटोत काही नाही. प्रश्नांची उत्तरं पोराने बरोबर दिली.” होल्स्टनने कागद खणात टाकला. “आता ऐक. आपल्याला यंदाचा तो लांब पासेस फेकणारा पोरगा हवाय. आपल्या आधीची पाळी कुचारच्या क्लबची. त्यांचा डोळा पासेसवाल्यावरही आहे आणि टिलरीवरही. तर आपण टिलरीला भेटीला बोलवायचं, जेवू घालायचं, पेपरवाल्यांच्या कानावर घालायचं की आपण त्याच्यावर फिदा आहोत. म्हणजे ते टिलरीवर झडप घालतील आणि पासेसवाला आपल्याला उरेल.”

“ग्रेडी, पोरगा मरेल.”

“आपल्याकडे नाही मरणार,” होल्स्टन शांतपणे म्हणाला. “तुझं काम पारखायचं. तू पारखलंस. पुढचं माझ्यावर सोड. आणि ह्या कागदातलं एक अक्षर बाहेर गेलं, तर तुझ्या करारात काय लिहिलंय ते वकील वाचून दाखवेल.”

मर्ल तिथून उठला. दोन दिवस त्याने कराराची कलमं परत परत वाचली. तिसऱ्या दिवशी तीन तास गाडी हाकत बर्नी कुचारच्या गावी गेला आणि त्याला नाश्त्याला गाठलं. सगळं सांगितलं. करार गेला खड्ड्यात.

बर्नी अंडं खायचा थांबला. मग हळूहळू त्याच्या चेहऱ्यावर हसू पसरलं.

“वा रे वा! परवा पेपरात येतं की तुमचा साहेब टिलरीसाठी जीव टाकतोय, आणि आज तू इथे येऊन मला सांगतोस की त्याच्या डोक्यात बिघाड आहे. मी काय काल जन्मलो?”

“बर्नी, आईशप्पथ. हे बघ चित्रण. हा चव्वेचाळीस नंबर बघ.”

“दोस्त आहेत ते. दोस्त बोलणारच.” बर्नीने रुमालाने तोंड पुसलं. “एकवीस साली तू मला त्या टेक्सासच्या पोराचा गुडघा गेलाय म्हणून सांगितलंस. आम्ही सोडला, तुम्ही उचलला. तेव्हाही आईशप्पथच म्हणाला होतास.”

मर्लने चित्रण बंद केलं. तसं म्हटलं होतं खरं.

मग एकच माणूस उरला. मर्ल परत जॉर्जियाला गेला. केंड्रेल कॉलेजच्या व्यायामशाळेत एकटाच वजनं उचलत होता. मर्लने त्याच्यासमोर बसून सरळ विषयाला हात घातला.

“थांब बाळा. तुला माहीत आहे, मला माहीत आहे. एक वर्ष थांब, तपासणी कर.”

केंड्रेलने वजन खाली ठेवलं. “एक वर्षाने कोण विचारणार मला? आठव्या वर्षापासून सगळे एकच सांगत आलेत, तू ह्यासाठी जन्मलास. आता ड्राफ्टला तीन आठवडे राहिलेत आणि तुम्ही म्हणता थांब?”

“तुझी धडक संपली की तुला तू कुठे आहेस हे कळत नाही. चर्चहून घरी येताना रस्ता सापडत नाही. मैदानावर...”

बोलून गेल्यावर मर्लच्या लक्षात आलं. पोराचा चेहरा बदलला होता.

“गाडीत मी एकटा होतो,” केंड्रेल म्हणाला. “एकाच माणसाला फोन केला होता मी.”

“ती तुझ्या भल्यासाठी...”

“तुम्ही जा साहेब. माझा हात उठायच्या आत जा.”

त्याच दिवशी केंड्रेलने आईच्या घरून आपले कपडे नेले. गादीखालची वहीसुद्धा. ओडेसाने मर्लला फोन केला. ओरडली नाही. “मी फक्त एक मागितलं होतं तुमच्याकडे,” एवढंच म्हणाली आणि फोन ठेवला. मर्लने लीगच्या डॉक्टरांना पत्र टाकलं. उत्तर आलं की खेळाडूच्या तपासणीत काही आढळलं नाही, आपल्या आस्थेबद्दल आभार.

ड्राफ्टच्या दिवशी बर्नीच्या क्लबने केंड्रेल टिलरीचं नाव पुकारलं. टीव्हीवर तो नवी टोपी घालून दोस्तांच्या गळ्यात पडत होता. आईची खुर्ची रिकामी होती. होल्स्टनला त्याचा पासेसवाला मिळाला. ऑफिसात शँपेनच्या बाटल्या उघडल्या, कोणीतरी मर्लच्या पाठीवर थाप मारली. मर्लने टेबलाच्या खणातून आपल्या वह्या काढल्या, राजीनाम्याचा कागद ठेवला आणि बाहेर पडला.

ऑगस्टच्या सरावाचा नववा दिवस. धडकही काही मोठी नव्हती, रोज पन्नास होतात त्यातली एक. केंड्रेल उठला, चार पावलं चालला, गुडघ्यांवर बसला आणि आडवा झाला. कवटीत रक्त साकळलं होतं. डॉक्टरांनी त्याच दुपारी डोकं उघडलं. जीव वाचला.

बर्नीने मर्लला फोन केला. “तू खरं बोलत होतास,” तो म्हणाला.

“हो.”

“मला कसं कळणार होतं रे, मर्ल? कसं कळणार होतं?”

मर्लने फोन ठेवला.

ऑक्टोबरात तो ओडेसाच्या दारात उभा राहिला. बरोबर अहवालाची स्वतःकडची प्रत होती. ओडेसाने दार उघडलं, त्याला नीट न्याहाळलं. हाकलून देईल असं त्याला वाटलं होतं. तिने बाजूला होऊन वाट दिली.

केंड्रेल खिडकीपाशी चाकाच्या खुर्चीत होता. डोक्यावरचे केस अर्धवट उगवले होते. ओडेसा त्याला चमच्याने दलिया भरवत होती, तेच काम तिने पुढे चालू ठेवलं.

“लिहिलं होतंत?” तिने मागे न बघता विचारलं.

“लिहिलं होतं.”

“कोणी वाचलं?”

मर्लने होल्स्टनचं सांगितलं. खणात टाकलेला कागद, पेपरातल्या बातम्या, सगळं. बर्नीला पूर्वी मारलेली थापही सांगितली. आपली चूक झाकली नाही. ओडेसाचा चमचा मध्येच थांबला, परत चालू लागला.

“म्हणजे तुमचा कागद वाचूनच त्यांनी त्याला तिकडे ढकललं.”

“हो.”

“मी तुम्हाला सांगितलं नसतं तर?”

मर्लने प्रत टेबलावर ठेवली. “ही वकिलाला द्या. मी कोर्टात उभा राहीन. माझ्यावर ते खटला भरतील, भरू देत.”

“त्याने काय होईल?”

“फारसं काही होणार नाही. पण लिहिलेलं कोणीतरी मोठ्याने वाचेल.”

ओडेसाने कागदाला हात लावला नाही. दलियाचं भांडं संपल्यावर तिने मुलाचं तोंड पुसलं, भांडं उचललं आणि मर्लला म्हणाली, “त्याचा उजवा हात दिवसातून तीनदा हलवावा लागतो. माझी शाळेची वेळ झाली. त्याला सांभाळणारी बाई यायला अजून तास आहे. येतं का तुम्हाला?”

“दाखवा.”

तिने एकदा करून दाखवलं, कोट घातला आणि गेली. मर्ल स्टूल ओढून बसला. त्याने तो जड हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि कोपरातून हळूहळू वाकवायला लागला. केंड्रेल त्याच्याकडे बघत राहिला.

“तुम्ही... कुठल्या... क्लबचे?” त्याने विचारलं. शब्द जिभेवर अडखळत होते.

“आता कुठल्याच नाही.”

केंड्रेलने मान हलवली. थोड्या वेळाने त्याने परत तेच विचारलं, आणि मर्लने परत तेच सांगितलं, आणि हात वाकवत राहिला.