कडककाकांचा हात

लाँड्रीच्या मागच्या खोलीत, इस्त्रीची वाट बघणाऱ्या चादरींच्या ढिगाला पाठ टेकून काकू बसल्या होत्या आणि उजव्या बरगडीखालच्या दुखण्याशी तडजोड करत होत्या. दुखणं तसं ओळखीचं झालं होतं. जेवण जरा जड झालं की ते यायचं, पोटात मूठ आवळल्यासारखं धरायचं, तिथून पाठीत शिरायचं, उजव्या खांद्यापर्यंत चढायचं आणि मग नको असलेल्या पाहुण्यासारखं निवांत मुक्काम ठोकायचं.

पित्ताशयात खडे आहेत, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. ‘डाळीतले खडे निवडण्यात जन्म गेला माझा, आणि हे नेमके नजरेतून सुटले,’ असं काकू त्यांना म्हणाल्या होत्या. डॉक्टर हसले, पण ऑपरेशन काही त्यांनी सोडलं नाही. पुढच्या महिन्याची तारीख दिली. तोवर तळलेलं बंद, लोणी-साय बंद, थोडं थोडं खायचं, दुखलं तर गोळी घ्यायची, शेक घ्यायचा. आणि मग बोट वर करून त्यांनी बजावलं होतं, की दुखणं एक वेळ घरी सोसा, पण ताप आला, थंडी वाजली किंवा डोळे पिवळे दिसले, तर घरी थांबायचं नाही. आत पू झाला तर जिवावर बेततं.

काकूंनी मान डोलावली होती. त्यांना दुखण्याची भीती नव्हती, ऑपरेशनची होती. त्यांची आई आपल्या पायांनी दवाखान्यात गेली होती आणि आपल्या पायांनी परत आली नव्हती. म्हणून पुढच्या महिन्याची ती तारीख आणखी पुढे ढकलता आली तर काकूंना हवीच होती.

घरी सोसायच्या कामात मात्र त्या तरबेज झाल्या होत्या. उकडलेला भोपळा, उकडलेलं गाजर आणि त्यावर मिठाची आठवण. हे खाऊन माणूस जगतो, पण कशासाठी ते कळत नाही, असं त्या म्हणायच्या. शेकाला तर तोटाच नव्हता. पुढे आपल्या दुकानात काका टॉवेलवर गरम इस्त्री फिरवायचे, चार पदरी घडी घालायचे आणि आत आणून द्यायचे. घडी अशी टोकाला टोक जुळलेली, की दुखऱ्या जागेवर ठेवतानाही ती मोडायला काकूंना जिवावर यायचं.

सगळी गल्ली काकांना कडककाका म्हणायची. ते शर्टांच्या कॉलरमुळे, स्वभावामुळे नव्हे. स्वभावाने माणूस लोण्याहून मऊ. अर्धं आयुष्य त्या टेबलामागे उभं राहून काढलेलं. इस्त्री किती तापली हे बघायला ते बटणाकडे बघायचे नाहीत, तिच्या तळाजवळ तळहात न्यायचे, क्षणभर डोळे मिटायचे आणि ‘झाली’ म्हणायचे. मुलगी लहान असताना घरातला थर्मामीटर पडून फुटला, तेव्हापासून तिचा तापही ह्याच हाताने बघितला. हात कपाळावर ठेवून काका जे सांगायचे, डॉक्टरांकडेही तेच निघायचं. मुलगी मोठी झाली, लग्न होऊन लांब गेली, पण नवा थर्मामीटर काही आला नाही. काकांचा हात होता ना घरात.

त्या दिवशी दुखणं सकाळपासून हटलंच नव्हतं. हॉटेलच्या चादरींचं मोठं काम आलेलं, दुकानात वाफ कोंडलेली, भिंतींना घाम फुटलेला, आणि काकूंनी शाल मागितली. काकांनी इस्त्री उभी केली, हात पँटला पुसले, आत येऊन काकूंच्या कपाळावर तळहात ठेवला आणि डोळे मिटले.

“ताप नाही,” ते म्हणाले.

दोघांचाही जीव भांड्यात पडला. काका परत चादरींकडे वळले. काकूंनी शाल गळ्यापर्यंत ओढून घेतली. दात एकमेकांवर आपटू नयेत म्हणून त्यांनी टोक दातांत धरलं. मनात एक पाल चुकचुकली होती. सकाळी दूध उतू जायला लागलं तेव्हा काकांनी फडकं न घेता, उघड्या हातांनी, उकळतं पातेलं आरामात खाली उतरवलं होतं. हल्ली ते नेहमीच तसं करायचे, आणि लोक कौतुक करायचे. काकूंनी ती पाल हाकलली. काका नाही म्हणाले म्हणजे नाही, आणि नाही म्हणजे दवाखाना नाही.

दुपारी वन्सं आल्या. वन्सं म्हणजे काकांची थोरली बहीण. शाळेत शिपाईण म्हणून नोकरी करून निवृत्त झालेली आणि अजूनही सगळ्या जगाला रांगेत उभं करू बघणारी. त्यांचं आणि काकूंचं कधीच पटलं नाही, पण दुखण्या-खुपण्याला पहिली धाव त्यांचीच. पिशवीत तेल आणि लिंबाच्या रसाची बाटली होती. शेजारणीच्या जावेचे खडे म्हणे ह्यानेच पडले. काकूंनी तोंड फिरवलं, तेव्हा वन्संनी त्यांना उठवून बसवायला मनगट धरलं आणि बाटलीचं नावच विसरल्या.

“अगं, भाजतेयस तू,” त्या म्हणाल्या.

काका दारातूनच म्हणाले की आत्ताच बघितलंय, ताप नाही. वन्संनी त्यांना पुन्हा बघायला लावलं. काकांनी पुन्हा हात ठेवला, या वेळी जास्त वेळ, आणि गोंधळून मान हलवली. कपाळ नेहमीसारखंच लागत होतं. वन्सं काही तरी खरमरीत बोलणार होत्या, पण त्यांची नजर भावाच्या तळहातावर गेली. त्यांनी तो उलटा करून उजेडात धरला. पिवळट, गुळगुळीत, जुन्या चामड्यासारखा, रेषासुद्धा बुजलेल्या. त्यांचा आवाज एकदम उतरला.

“हात नको. गाल लाव.”

काका लाजले. थोरल्या बहिणीसमोर त्यांनी बायकोच्या खांद्यावर कधी हातही ठेवला नव्हता. मग ते गुडघ्यांवर बसले, आणि काकूंच्या कपाळाला त्यांची दाढीची खुंटं टोचली. काकूंना तो गाल बर्फासारखा गार लागला. तो लगेच दूर होईल असं त्यांना वाटलं होतं, पण तो तिथेच राहिला. मग तो थरथरायला लागला.

पुढचं सगळं वन्संनी केलं. दुकानाचं शटर ओढलं, टॅक्सी थांबवली, लिंबाची बाटली मोरीत रिकामी केली. काकांना चपला कुठल्या घालायच्या तेही सांगावं लागलं.

डॉक्टरांनी काकूंच्या पापण्या खाली ओढून बघितल्या आणि कुणालाही एका शब्दाने न रागावता धावपळ सुरू केली. रागावले असते तर बरं झालं असतं, असं काकांना वाटलं. ऑपरेशन झालं. आत पू धरला होता. रात्र गेली असती तर, एवढं बोलून डॉक्टर थांबले.

काकूंना नीट शुद्ध आली तेव्हा खिडकीत ऊन होतं. अंग दुखत होतं, पण ते दुखणं वेगळं होतं, त्यात आवळलेली मूठ नव्हती. शेजारी स्टुलावर काका बसले होते. दोन्ही हात त्यांनी मांड्यांखाली दाबून ठेवले होते, मार खाल्लेल्या पोरासारखे. वन्सं चहा आणायला गेल्या होत्या.

काका खाली मान घालून म्हणाले की मीच तुला घरी ठेवलं. माझ्या हातावर विश्वास ठेवून तू मरत होतीस.

काकूंना वाटलं, हे असंच राहू द्यावं. सोपं होतं ते. पण माणूस त्या स्टुलावर अर्धा झाला होता.

“अहो, माझे दात वाजत होते,” त्या म्हणाल्या. “ताप आहे हे मला कळत होतं. तुमच्या हाताला कळत नाही हेही कळत होतं. दुधाचं पातेलं बघितलं होतं मी. मला दवाखान्यात यायचं नव्हतं, म्हणून तुमच्या ‘नाही’ला धरून बसले.”

काकांनी मान वर केली. रागावतील, असं काकूंना वाटलं, आणि रागावायचा त्यांना हक्कही होता.

“मग आता?” एवढंच त्यांनी विचारलं.

“आता हात द्या इकडे.”

“काय करायचाय? दगड झालाय त्याचा. काही कळत नाही त्याला.”

काकूंनी सलाईन नसलेला हात पुढे केला आणि मांडीखालून त्यांचा हात ओढून काढला. पोटाला टाके होते, ओढताना कळ आली, पण त्यांनी सोडला नाही.

“त्याला नसेल कळत,” त्या म्हणाल्या. “मला कळतं.”