वकिलांची माशांची वही

नरहरराव वकील गेले तवा हुमनाबाद कोर्टाच्या बारमधी शोकसभा झाली. सगळ्यांनी भाषणं ठोकली. एक म्हणाला पाण्याचा वकील गेला, दुसरा म्हणाला कालव्याच्या शेवटच्या शेतकऱ्याचा आवाज गेला, तिसऱ्याला काही सुचंना म्हून त्यो रडला. मी मागच्या बाकावर दात खात बसलो होतो. मी चनमल्लप्पा, बावीस वर्षं त्यांचा गुमास्ता. मला कुणी दोन शब्द बोल म्हणालं न्हाई. म्हणालं असतं तर सांगितलं असतं की वकिलांना मासे धरायचा नाद होता, आन् निम्मी सभा उठून गेली असती.

आता खरं ते खरं. वैष्णवाचं घर, देवघरात शाळिग्राम, चातुर्मासात कांदासुद्धा बंद, आन् ह्या माणसाचा सगळा जीव गळात! दर रविवारी पहाटं माझ्या दारात स्कूटर. गळाची काठी माझ्या माळ्यावर, वही माझ्या पेटीत. घरी सांगायचे, पक्षकाराला भेटून येतो. गांडुळाला हात लावायला किळस यायची, म्हून माझी बायको भागम्मा कणकेत हिंग घालून गोळ्या करून द्यायची. आमी लिंगायत, आमच्याबी चुलीवर मच्छी चढत न्हाई. भागम्मा तोंड वाकडं करायची, "ह्या माणसाला दुसरा नाद गावला न्हाई काय?" पण एकाबी रविवारी तिच्या गोळ्या चुकल्या न्हाईत.

खायचे न्हाईत बरं का. मासा लागला की पट्टीवर मोजायचा, वहीत लिहायचा, परत पाण्यात सोडायचा. तारीख, जात, किती इंच, पाणी कसं. एकदा मी म्हणालो, "साहेब, सोडायचाच हाय तर धरता कामून?" म्हणाले, "चनमल्लप्पा, सहा दिवस मी पाण्यासाठी भांडतो. एक दिवस त्या पाण्यात काय आहे ते बघू दे की."

जागा ठरलेली. निर्ण्याच्या पुढं एक गाव हाय, त्याचं तळं. गाव सगळं शाकाहारी. तळ्यात गळ न्हाई, जाळं न्हाई. सरकारी माणूस माशाचा लिलाव करायला आला तर गावानं त्याला चहा पाजून परत धाडलं. म्हून तर मासे मायंदाळ. आमी पलीकडच्या काठाला, बाभळीच्या मागं लपून बसायचो. चोरापरीस वाईट!

मग वरच्या माळावर औषधाचा कारखाना आला. तीन वर्षांत तळ्याचं पाणी चहासारखं झालं. म्हशी गाभडल्या. लेकरांच्या अंगावर चट्टे उठले. मासे आधी उलटे तरंगले, मग दिसायचेच बंद झाले. तरी वकील रविवारी जायचे, गळ टाकायचे, आन् वहीत लिहायचे, काही नाही. दोन वर्षं नुसतं काही नाही, काही नाही. मला तर रागच यायचा.

गावानं दावा लावला. पाणी साफ करून द्या, तंवर आमाला प्यायला पाणी द्या, एवढंच मागणं. वकीलपत्र अर्थात नरहररावांचं. कारखान्याचा वकील गुलबर्ग्याचा, मोठा हुशार. त्यानं एकच गोष्ट धरली. म्हणं हे पाणी मुळातच खराब, त्यात जीव कधी जगलाच न्हाई, कारखान्याचा काय संबंध? आन् गावाकडून पिंजऱ्यात पहिला उभारला वीरण्णा, सगळ्या गावाचा पुढारी. त्याला नरहररावांनीच विचारलं, "तळ्यात मासे होते?"

"न्हाई."

"कधीच न्हवते?"

"कधीच न्हवते, साहेब."

नरहररावांच्या हातातला कागद तसाच राहिला. आपल्याच साक्षीदाराला उलट विचारता येईना. येताना स्कूटरवर एकच बोलले, "गाव खोटं बोललं, चनमल्लप्पा. का बोललं ते कळत नाही." मला त्याच दिवशी उमजायला पाहिजे होतं. कोर्टाची पायरी घासून घासून गुळगुळीत केली मी, पण अक्कल कुठं गहाण पडली होती कुणास ठाऊक. पंधरा दिवसांनी सकाळी न्हाणीतच ते पडले. डॉक्टर येईपर्यंत सगळं संपलं होतं.

दहाव्याच्या दिवशी त्यांच्या मुलानं, श्रीवत्सनं, विचारलं, "काका, बाबांचं काही सामान तुमच्याकडं आहे का?"

"न्हाई बाबा," मी म्हणालो.

त्याच दुपारी काठी आन् वही घेऊन कारंजाच्या धरणावर गेलो. वहीला दगड बांधला. खोल जागा बघून टाकून दिलं दोन्ही. उद्या कुणाच्या हाती लागलं तर गेल्या माणसाची छी थू व्हायची, वैनींना नातेवाइकांत तोंड दाखवायला जागा राहायची न्हाई, असं माझ्या डोक्यात. मला समाधान वाटलं. व्हय, समाधान! येताना नाक्यावर चहा पिलो.

चौदाव्या दिवशी त्यांच्या घरच्या ऑफिसात हाताखालची वकील पवित्रा फाईल घेऊन बसली. त्यात नरहररावांच्या अक्षरातला कच्चा अर्ज निघाला. ती मोठ्यानं वाचायली. ह्या दाव्यातलं वकीलपत्र मी सोडतो, स्वतः साक्षीदार म्हणून उभा राहतो. ह्या तळ्यात मी बावीस वर्षं मासे धरत आलो. धरलेल्या अकराशे बारा माशांची नोंद असलेली, माझ्या हातची वही हजर करतो. कारखाना आल्यावर मासे कसे घटले ते तारखेवार त्यात आहे.

पवित्रानं मान वर केली. डोळे चमकायले होते पोरीचे. "अण्णा, वही कुठंय?"

मी सांगितलं सगळं. शारदाबाई वैनी दारात उभ्या होत्या, ते मला दिसलंच न्हाई.

"मासे धरले म्हणून मी त्यांना घराबाहेर काढणार होते का रे?" त्या म्हणाल्या. मग भिंतीला टेकून खाली बसल्या. "अकराशे बारा वेळा ते खूश झाले असतील. त्यातलं एकदाही मला माहीत नाही. ती वही तू बुडवलीस?"

मी त्यांच्या पायावर डोकं ठेवलं. त्यांनी पाय आखडून घेतले.

धरणावरचे दोन भोई आणून बुड्या मारायला लावल्या. काठी सापडली, वही न्हाई. मग मीच पिंजऱ्यात उभारलो. गळ्यात लिंग, समोर आमच्या समाजाची चार माणसं, आन् मी सांगायलोय की गोळ्या माझ्या घरच्या, मासा मोजायची पट्टी मी धरायचो. गुलबर्ग्याच्या वकिलानं दोनच प्रश्न विचारले. वही कुठंय? कारंजात. कुणी टाकली? मी. कोर्टात मागं कुणीतरी फिदीफिदी हसलं. असला राग आला मला, पण कुणावर काढू?

दावा फेटाळला. पगारी गुमास्ता सांगतोय, कागद म्हणावं तर एक बिनसहीचा कच्चा अर्ज, आन् खुद्द गावचा माणूस शपथेवर म्हणतोय मासे कधीच न्हवते. पवित्रा अपील करू म्हणायली, पण तिच्या आवाजात जोर न्हवता.

बाहेर लिंबाखाली वीरण्णा दिसला आन् माझं टाळकं फिरलं. जाऊन सरळ त्याची गचांडी धरली. "तू कामून न्हाई म्हणालास रे? कारखान्यानं फितवलं काय तुला?"

त्यानं माझे हात सोडवले न्हाईत. हळूच म्हणाला, "अण्णा, रविवारची स्कूटर सगळ्या गावाला म्हाईत होती. तिथं बसून गळ टाकतेत हेबी म्हाईत होतं. पहिल्याच वर्षी आमी मठात बसून ठरवलं. शेतकऱ्याच्या पाण्यासाठी एवढं भांडणारा माणूस हाय, त्याला कुणी टोकायचं न्हाई. तिकडं कुणी ढोरंसुद्धा न्यायची न्हाईत. कुणापाशी बोलायचं न्हाई."

"आन् कोर्टात?"

"कोर्टात काय करू? मासे होते म्हणालो तर पुढचा प्रश्न, कोण बघितलं, कोण धरलं? ते तर माझ्या समोरच उभे होते, काळा कोट घालून. त्यांच्याकडं बघितलं आन् म्हणालो, न्हाई."

मी त्याची गचांडी सोडली. गावात एक दिवसाआड टँकर येतो, आज पाळी होती. घागरी लावायला घरी कुणी न्हाई म्हून वीरण्णा बस धरायला पळाला.