ज्याचं फाटक हाताशी

पाडव्याला सकाळी नऊ वाजता माझ्या फाटकासमोर चाळीस माणसं येऊन बसली आणि ह्या घरातले गरिबांच्या छातीवर बसलेत अशा घोषणा द्यायला लागली. मी नुकती गुढी उभारून कडुनिंबाचा पाला चावत होते. तो त्या दिवशी मुळीच कडू लागला नाही.

कोलकात्यात, डमडमला पन्नास वर्षं काढली मी. सतराव्या वर्षी लग्न होऊन खानापूरकडून इथे आले, चौथी पास, बंगालीचा गंध नाही. आमचा धंदा गलाईचा. म्हणजे सोनारांकडचं जुनं सोनं भट्टीत वितळवून, तेजाबात शुद्ध करून परत द्यायचं. सोनं लोकांचं, धूर आमचा. नारायणराव, माझे यजमान, त्या धुरानेच खोकत खोकत गेले. आता मुलगा श्रीकांत दुकान बघतो. त्या धंद्यातून हे दुमजली घर झालं, लोखंडी फाटक झालं, बारा वर्षांपूर्वी एक गाडी घेतली. खाऊनपिऊन सुखी आहोत. ते लपवायचं मला काही कारण नाही.

पण छातीवर बसलोय? कोणाच्या?

एक दाढीवाला पोरगा गुढीकडे बोट दाखवून बाकीच्यांना सांगत होता की माणसांना अंगभर कपडा नाही आणि ह्यांनी रेशमी साडी बांबूला नेसवलीय, वर चांदीचं भांडं टांगलंय, मिरवायला. मिरवायला! सणाची गुढी ती. सून स्मिता म्हणाली, आई, आत चला, पोलिसांना फोन करते. मी म्हटलं, फोन ठेव खाली. माझ्या दारात आलेल्यांशी मी बोलेन.

फाटक उघडलं तर पहिल्या रांगेत गौरी. आमच्याकडे बावीस वर्षं कामाला असलेली, मला मासिमा म्हणजे मावशी म्हणणारी गौरी, मांडी घालून बसलेली, मान खाली. आणि सगळ्यात मागे, टोपी डोळ्यांवर ओढून, माझी नात ऋता. श्रीकांतची मुलगी, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला. टोपी ओढली म्हणून आजीला ओळखू येणार नाही असं तिला वाटलं असावं. तिचे पाय मी तेल लावून वाढवलेत.

प्रकरण काय ते मला अर्धं ठाऊक होतं. कालव्याच्या काठाला गौरीची बस्ती आहे, दोनशे घरं. तिथे मोठा टॉवर उठणार, म्हणून बुधवारी बस्ती पाडणार होते. ही कॉलेजची मुलं आणि बस्तीतली माणसं मिळून त्यांनी समिती केली होती, आणि समितीने ठरवलं होतं की दर रविवारी एका बोडोलोकाच्या दारात बसायचं. बोडोलोक म्हणजे इथे पैसेवाला. बुधवारच्या आधीचा हा शेवटचा रविवार, आणि तो त्यांनी माझ्यावर खर्च केला होता.

त्यांची पुढारी कादंबरी नावाची मुलगी, बारीक, धीट. ती मला समजावून सांगायला लागली की ह्या वॉर्डातल्या मोठ्या घरांची यादी केली, त्यात तुमचं तिसरं आलं. मी विचारलं, बस्ती पाडतोय कोण? म्हणाली, कंपनी. कंपनीचा मालक कोण? ते कागदावर कळत नाही, नावाखाली नाव आहे. मग कंपनीच्या ऑफिसात का नाही गेलात? तर गेले होते. काचेची इमारत, पहिल्याच दारावर पहारेकरी, दोन तास उन्हात उभं करून हाकलून दिलं.

“म्हणजे पाडणारा एक, आणि बसायचं दुसऱ्याच्या दारात,” मी म्हटलं. “का, तर त्याच्या दाराला पहारा आहे आणि माझ्या दाराला नुसती कडी.”

ती म्हणाली की प्रश्न एका माणसाचा नाही, सगळ्या वर्गाचा आहे. चांगलं बोलते, पण मला राग आला. दोनशे घरांवर बुधवारी बुलडोझर येणार आणि ही मला वर्ग शिकवते.

मी ऋताला पुढे बोलावलं. मराठीत विचारलं, यादीत आपलं नाव कोणी घातलं?

“मीच घातलं, आजी.” तिचं मराठी असं, तुटक, पण खोटं नाही. “दुसऱ्यांची घरं लिहिली आणि आपलं सोडलं, तर मी काय तोंडाने बसणार?”

“आणि आजी पोलिसांना बोलावणार नाही, हेही तुला माहीत होतं.”

मी म्हटलं, जो उलटून मारणार नाही त्याला आधी धरायचं, ह्याला तुमच्या कॉलेजात शौर्य म्हणतात का? आमच्या गावात दुसरा शब्द होता.

एवढं बोलून मी आत गेले, देवासमोर बसले, आणि माझा राग उताराला लागलेल्या गाडीसारखा भलतीकडेच जायला लागला. कारण त्या कंपनीचा मालक कोण, ते मला माहीत होतं.

उदयराव. आमच्या मराठी मंडळाचे मोठे आधार. मंडळ आमचं छोटं, बदलीवर आलेले बँकवाले, सरकारी अधिकारी आणि आमच्यासारखी जुनी दहावीस घरं. पौषात उदयराव माझ्याकडे चहाला आले होते. टेबलावर चित्रं पसरली. टॉवर, झाडं, पोहण्याचा निळा हौद. म्हणाले, काकू, तळमजल्यावर मंडळाला हॉल देणार आहे, आणि त्याला नारायणकाकांचं नाव. त्या चित्रात कालव्याचं वळण होतं आणि वळणावरचं शीतलामातेचं देऊळ होतं. गौरीच्या मुलीच्या बारशाला मी त्या देवळात गेलेली आहे. निळा हौद कुठे येतोय ते मला चौथी पास असून समजलं. गौरी तेव्हा आत भांडी घासत होती. मी उदयरावांना आणखी एक लाडू वाढला.

यजमानांचं नाव दगडात कोरलेलं बघायचं होतं मला. दुसरं काही कारण नाही.

मी उठले. बाहेर येऊन कादंबरीला सांगितलं की मालक मला माहीत आहे, आज दुपारी श्यामबाजारला एका शाळेच्या हॉलमध्ये आमच्या मंडळाचं पाडव्याचं जेवण आहे, तो तिथे जेवायला बसणार आहे. फलक इथेच ठेवा, घोषणा इथेच ठेवा. बस्तीतल्या बायका माझ्याबरोबर येतील आणि पंगतीला बसतील. ती म्हणाली, आम्ही त्यांच्याकडे जेवायला नाही जाणार. मी म्हटलं, बाई, आमच्यात पानावर बसलेल्या माणसाला उठवत नाहीत, शत्रू असला तरी. आणि पंगत संपेपर्यंत पानावरून कोणी उठत नाही, मालक असला तरी. ह्याच्यापेक्षा बरा घेराव तुझ्या पुस्तकात असेल तर सांग.

अकरा जणी आल्या. कादंबरी आली, ऋता आली. मेट्रोने दोन स्टेशनं.

मंडळाचे सेक्रेटरी ऋषिकेश दारातच आडवे आले. म्हणाले, काकू, दीडशे पानांचा अंदाज आहे, आधी कळवायला हवं होतं. मी म्हटलं, माझ्या घरची चौघं आज उपाशी राहतील, बाकीच्यांचं तुम्ही अर्धी अर्धी पुरी कमी खाऊन भागवा, वजनं बघा एकेकाची. तोवर बायका आत जाऊन बसल्यासुद्धा होत्या. मी गौरीला उदयरावांच्या बरोबर समोर बसवलं आणि शेजारी मी बसले. मधे फक्त वाढप्यांची वाट.

पानं वाढली. मसालेभात, बटाट्याची भाजी, श्रीखंड. श्लोक झाला. उदयराव हसत म्हणाले, काकू, आज पाहुणे आणलेत वाटतं. मी म्हटलं, पाहुणे कसले, तुमचेच शेजारी. ही गौरी. तुमचा निळा हौद हिच्या चुलीवर येतो.

उदयरावांनी घास खाली ठेवला. हळू आवाजात म्हणाले, हे जेवताना बोलायचं नाही, काकू, उद्या माझ्याकडे या. मी म्हटलं, तुमच्याकडे पहारेकरी आहेत. ते म्हणाले, सगळं कायद्याने आहे, कागद आहेत. मी म्हटलं, मला कागद वाचता येत नाही, म्हणून तर चित्रं दाखवायला आला होतात.

कोणीतरी मागून म्हणालं, सणाच्या दिवशी हे काय. बायका मात्र जेवत होत्या. सावकाश, एकेक घास, भाताचं शीत शीत वेचून. मी सांगितलं होतं तसंच. आमची मंडळी संपवून बसली, हात वाळले, आणि ह्या अकरा जणी अजून पहिल्या भातावर. वाढपी पुन्हा पुन्हा येत होता. उदयरावांनी दोनदा घड्याळ पाहिलं. उठता येईना. दीडशे मराठी माणसांसमोर, पाडव्याच्या पंगतीतून पहिला उठणारा तो व्हायला तयार नव्हता.

अर्ध्या तासाने ते मला म्हणाले, बरं, थांबवतो थोडे दिवस.

“मला नका सांगू,” मी म्हटलं. “तिला सांगा. आणि बंगालीत सांगा. चाळीस वर्षं इथे धंदा केलात, येतं तुम्हाला.”

त्यांनी गौरीकडे त्या दिवसात पहिल्यांदा बघितलं. म्हणाले, पोइला बोइशाखपर्यंत, म्हणजे बंगाली नववर्षापर्यंत, बस्तीला कोणी हात लावणार नाही, तोवर बस्तीच्या माणसांशी बोलणं होईल. गौरीने विचारलं, बोलणार कोण, तुम्ही की तुमचा माणूस? ते म्हणाले, मी. तिने पुन्हा विचारलं, कुठे? ते म्हणाले, तुमच्या देवळात. तेव्हा गौरीने शेवटचा घास घेतला आणि पंगत उठली.

हात धुताना मंडळाच्या बायका माझ्याशी बोलल्या नाहीत. उदयरावांशी बोलल्या, सांत्वन केल्यासारख्या. ऋषिकेश म्हणाले, काकू, हॉल गेला आपला, काकांचं नाव गेलं. त्यांनी बुधवारी दोनशे घरं जाणार होती ह्याबद्दल एक अक्षर काढलं नाही. माझ्या फाटकावर बसलेल्या पोरांवर मी सकाळी चिडले होते. ह्या माणसांपुढे ती पोरं देवमाणसं वाटली मला.

मेट्रोच्या फलाटावर ऋता माझा हात धरून उभी होती. म्हणाली, आजी, तुला मालक माहीत होता. कधीपासून?

मी खोटं बोलले नाही. पौषापासून, म्हटलं. ऋताने हात सोडला नाही, पण पकड सैल झाली. गौरीला मराठी बावीस वर्षांत समजायला लागलंय. ती दोन पावलं पुढे आली.

“म्हणजे सकाळी आम्ही बरोबर दारात बसलो होतो, मासिमा.”

माझं डोकं तापलं. मी म्हटलं, नाही बसलात बरोबर. तुमच्या फलकांवर माझं फाटक होतं, गाडी होती, दुमजली घर होतं. ते माझ्या यजमानांच्या छातीतून आलंय, त्याची मी कोणाला माफी मागणार नाही. मी तोंड मिटून बसले होते, ते तुमच्या एकाही फलकावर नव्हतं. ते लिहून आला असतात तर मी स्वतः फाटक उघडून तुमच्यात बसले असते. पैसा बघून दार निवडता आणि पाप बघत नाही, म्हणून तो उदय खुशाल झोपतो.

गौरी ऐकून घेत होती. कादंबरी काही बोलणार होती, तिला तिने हाताने थांबवलं. म्हणाली, पंधरा दिवस आहेत, रोज संध्याकाळी बैठक घ्यावी लागेल, बस्तीत एवढी जागा नाही.

मी लगेच म्हटलं, माझ्या अंगणात घ्या. दिवे आहेत, पंखा लावून देते.

“नको मासिमा,” गौरी म्हणाली. “तुम्ही आज जे केलंत ते बस्ती विसरणार नाही. पण दार आम्ही आमचं बघू.”

गाडी आली. बायका एका डब्यात चढल्या. ऋता दारात क्षणभर थांबली, माझ्याकडे बघितलं, आणि त्यांच्यामागे आत गेली. मी पुढच्या डब्यात चढले.