बारावं ठिगळ

कॉलेजच्या प्रयोगशाळेत ती सहायक होती. धरलेलं काम सोडत नाही म्हणून घरात तिचं नाव पडलं होतं घोरपड. सुट्टीत ती जगभरच्या हौशी मंडळींनी मिळून चालवलेल्या एका मुक्त संगणक-प्रणालीसाठी काम करायची. त्यातला एक सर्व्हर-प्रोग्राम नेटवर्कमधल्या सगळ्या मशीनना अचूक वेळ सांगायचा, पण त्याची आवृत्ती सात वर्षं जुनी. तो सांभाळणारे त्या मंडळींतले एक वयस्कर काका थकून बाजूला झालेले. "मी घेते," असं तिने लिहून टाकलं.

रविवारी सकाळी तिने नवी आवृत्ती बसवायला घेतली. जुनीला काकांनी दुरुस्तीची बारा ठिगळं लावली होती. अकरांची आता गरजच उरली नव्हती. ती दुरुस्ती मूळ लेखकांनीच करून ठेवलेली. बारावं मात्र नव्या आवृत्तीवर बसेना. वर दोनच शब्द : ‘काढू नका.’

तिने काकांना फोन लावला.

"काका, हे बारावं कशासाठी?"

"मलाच आठवत नाही गं! पण उगीच नसणार लिहिलेलं."

मग तिने ते वगळूनच नवी आवृत्ती चालवून पाहिली. चाचण्या धडाधड पास होत गेल्या आणि शेवटची आपटली. जुन्या, छोट्या मशीनवर घड्याळ चक्क उलटं पळत होतं!

तिची किंकाळी ऐकून सोफ्यावर प्लास्टरमधला पाय घेऊन बसलेल्या सासूबाई दचकल्या. "काय गं, फुटलं का काही?"

"नाही आई, सापडलं!"

काकांच्या साठ ओळींचं काम नव्या आवृत्तीत चार ओळींत भागलं. चाचण्या पुन्हा सुरू झाल्या; पास झालेली प्रत्येक ओळ पडद्यावर हिरवी होत होती. सासूबाईंना त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, तरी मान उंचावून पडद्याकडे टक लावून होत्या.

"हिरवं झालं गं शेवटचं!" त्याच आधी ओरडल्या.

तिने पुन्हा फोन लावला. "काका, घड्याळ मागे जायचं!"

"अगं हो की! महिनाभर छळलं होतं त्याने मला," काका खळखळून हसले. "आता माझं नाव काढ आणि तुझं टाक."

बुधवारी दुपारी प्रयोगशाळेत ती चंचुपात्रं धूत होती, तेवढ्यात फोनवर संदेश आला : नवी आवृत्ती स्वीकारली होती. सांभाळणारी म्हणून तिचं नाव. ओल्या हातांनीच तिने ते तीनदा वाचलं आणि दिसेल त्याला सांगत सुटली. शिपायालासुद्धा.

"म्हणजे नेमकं काय झालं, ताई?" त्याने विचारलं.

ती स्टूल ओढून बसली आणि अगदी पहिल्यापासून सांगायला लागली.